विचारा ताईला: हे लेखकाला कळलं कसं?

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून सगळ्यात जास्त प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांबद्दल आलेत, म्हणजे प्राध्यापकांसाठी असतात ती पुस्तकं नाही, तुमच्या-माझ्यासारख्या साध्या वाचकांसाठी असतात ती. म्हणून ठरवलं की हा पूर्ण अंक त्यालाच. माझा खूप जवळचा विषय आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, चालवून घ्या.

प्रश्न (प्रतापनगरहून एक आई): ताई, माझा मुलगा सातवीत आहे. सुट्टीत त्याने शिवकाळावरच्या दोन जाडजूड कादंबऱ्या वाचून काढल्या आणि आता घरात रोज वाद, तो म्हणतो महाराज अगदी असंच बोलले होते आणि त्याचे बाबा म्हणतात हे सगळं लेखकाच्या मनचं आहे, कशाला वेळ घालवतोस. मी मधात सापडली आहे. कादंबऱ्या बंद करून त्याला खरा इतिहास द्यायचा का?

उत्तर: अगं कादंबरी अजिबात बंद करू नकोस. सातवीतला पोरगा मोबाईल बाजूला ठेवून पाचशे पानं वाचून राहिला, ही गोष्टच केवढी मोठी आहे. आपल्यापैकी बहुतेक जण इतिहासात कादंबरीच्याच दारातून शिरलो.

पण बाबांचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे आणि मुलाचंही अर्धं. लढाई झाली, किल्ला घेतला, अमुक माणूस तिथे होता, याला कागद असतात. संवादाला नसतात. रात्री तंबूत दोघं काय बोलले ते लिहून घ्यायला तिसरा कोणी बसलेला नव्हता, ते लेखकाला रचावंच लागतं आणि चांगला लेखक ते इतकं छान रचतो की आपल्याला खरं वाटतं, ती त्याची ताकद आहे. तर मुलाला "हे खोटं आहे" असं म्हणू नकोस, त्याला फक्त एक प्रश्न विचारायला शिकव: हे लेखकाला कळलं कसं?

बखरींचंच बघ. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या काळातला माणूस, त्याने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, म्हणजे महाराज गेले 1680 मध्ये आणि त्यानंतर साधारण पंधरा वर्षांनी. चिटणीसांची बखर मात्र शंभराच्या वर वर्षं उलटल्यावरची. दोन्ही वाचाव्यात, पण दोघांना सारखं वजन देऊन चालत नाही ना. आजोबांनी स्वतः पाहिलेलं सांगणं वेगळं आणि त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगणं वेगळं, एवढा फरक सातवीतल्या मुलाला आरामात समजतो.

आणि त्याला शिवजन्माच्या तारखेची गोष्ट नक्की सांग, मुलांना फार आवडते. जुन्या पुस्तकांत जन्म 1627 सालचा, वैशाखातला दिलेला असायचा. मग लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, म्हणजे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली घडलेल्या गोष्टींची तारीखवार टिपणं, त्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद निघाली. महाराजांच्या हयातीत लिहिलेलं परमानंदाचं संस्कृत काव्य आहे शिवभारत, त्यातही तीच तिथी. त्यावरून 19 फेब्रुवारी 1630. आणि गंमत म्हणजे ही तारीखही जुन्या इंग्रजी कॅलेंडरची आहे, आजच्या कॅलेंडरने मोजली तर 1 मार्च येते! आधीचे लेखक काही खोटं लिहीत नव्हते, त्यांच्या हाती हा कागदच आला नव्हता. नवीन कागद सापडला की इतिहास बदलतो हे त्या पोराला आत्ताच कळलं तर पुढे आयुष्यभर कामी येईल. तुमचं घरातलं भांडणही मिटेल, निदान ते चांगल्या विषयावरचं भांडण होईल.

प्रश्न (सक्करदऱ्याहून एक काका): रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता दिवसभर वाचून राहिलो. पण जे पुस्तक उघडावं ते पुण्या-साताऱ्याचं, आमचं सगळं दोन ओळीत उरकतात. आमच्या नागपूरकर भोसल्यांवर साध्या माणसाले वाचता येईल असं काहून नाही लिहीत कोणी? आणि मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळे मिरवून जाळतात तेव्हा, लहानपणापासून ऐकत आलो की बाकाबाई इंग्रजांले मिळाली म्हणून काळी मारबत. हे खरं आहे का?

उत्तर: काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे दुखणं माझंही आहे.

पहिलं कारण कागदांचं. पुण्याचं पेशवे दफ्तर एका जागी राहिलं, गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यातून निवडून 45 खंड छापले, इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव हिंडून इतिहासाच्या साधनांचे, म्हणजे जुन्या कागदांचे, 22 खंड काढले. म्हणजे पुण्याबद्दल लिहायला बसलेल्याच्या समोर ताट वाढलेलं. आपल्याकडे तसं ताट नाही, भोसल्यांचं शोधायला मराठी कागद बघा, इंग्रज रेसिडेंटाचे, म्हणजे दरबारात बसवलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचे, रिपोर्ट बघा, बंगाल-ओडिशाकडचं बघा, एवढी मेहनत करून मग ते सोप्या भाषेत लिहिणार कोण? यादव माधव काळ्यांनी 1934 साली नागपूर प्रांताचा इतिहास लिहिला, तो अजूनही आधाराला घ्यावा लागतो. जुन्या लायब्ररीत विचारा, भाषा जड वाटेल पण तुम्हाला वेळ आहे, रोज दहा पानं.

तुम्ही म्हणता की सगळं दोन ओळीत उरकतात. बघा त्या दोन ओळींत काय काय दडलंय. शहर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, 1702 च्या सुमारास, हेच कितीतरी पुस्तकांत पहिल्या पानावर येत नाही. मग रघूजी भोसले आले, त्यांच्या फौजा 1740 च्या दशकात बंगालवर गेल्या, दिवाण भास्करराम कोल्हटकर 1744 मध्ये भेटीला म्हणून बोलावून मारले गेले, शेवटी 1751 मध्ये नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला 12 लाख चौथाई कबूल केली आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. आपण हे अभिमानाने वाचतो. आता पलीकडून बघा. बंगालात आजही आया बाळाला झोपवताना गातात की बाळ झोपलं, पाडा शांत झाला, बर्गी आले देशात, आता सारा कशाने द्यायचा. बर्गी म्हणजे बारगीर, आपलेच घोडेस्वार! आणि गंगाराम नावाच्या कवीने त्या काळातच बंगालीत 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यात गावं जाळल्याची, लोक पळाल्याची वर्णनं आहेत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात कालवलं. नागपूरवरचं जे पुस्तक स्वारी सांगेल आणि ती अंगाई सांगणार नाही, ते मी अर्धं पुस्तक समजते. तुम्हीही तसंच समजा असं मी मनापासून सांगेन, त्याने रघूजी लहान होत नाहीत.

साडेतीन शहाण्यांतले एक देवाजीपंत चोरघडे आपल्या नागपूर दरबारचे, हेही कितीकांना माहीत नसतं, नाना फडणवीस तेवढे लक्षात राहतात आणि ते तर त्यात अर्धे!

आता बाकाबाई. इथे मी जरा थांबते कारण हे नाजूक आहे. जे कागदावर आहे ते आधी. बाकाबाई दुसऱ्या रघूजींची राणी. ते 1816 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई होऊन अप्पासाहेब भोसले हरले आणि 1818 मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. तिसरे रघूजी लहान म्हणून गादीवर बसवले, राणी म्हणून बाकाबाई होत्या पण कारभार खऱ्या अर्थाने रेसिडेंट जेंकिन्सच्या हातात. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये गेले, मुलगा नाही, डलहौसीने 1854 मध्ये राज्यच खालसा केलं, राजवाड्यातले दागिने नेऊन कलकत्त्याला लिलाव केला. आणि 1857 ला बाकाबाईंनी घरच्यांना उठावापासून दूर ठेवलं, 1858 मध्ये त्या वारल्या. इथपर्यंत ठीक.

काळी मारबत निघायला लागली 1881 पासून असं सांगतात, पिवळी 1885 पासून. म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी. तर मारबतीत आपल्याला काय दिसतं? इंग्रजांवरचा राग उघड काढता येत नव्हता त्या काळातल्या लोकांनी बाकाबाईंना कसं आठवलं ते दिसतं, आणि तोही इतिहासच आहे, मोठा आहे. पण त्यावरून बाईंच्या मनात काय होतं ते कळत नाही. नवरा जाऊन 41 वर्षं झालेली म्हातारी बाई, राज्य गेलेलं, दागिने लिलावात गेलेले, समोर सीताबर्डीवर इंग्रजांचा किल्ला. तिने नातवंडांच्या वयाच्या पोरांना "गप्प बसा" म्हटलं असेल तर तिला फितूर म्हणावं का घाबरलेली म्हणावं का शहाणी? माझं मत विचाराल तर फितूर हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. मारबत जाळताना "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" मीही ओरडते, नागपूरच्या महाल भागात वाढलेली आहे. पण ओरडताना बाकाबाईंचं नाव घेणं मी कधीचंच सोडलंय.

प्रश्न (एमपीएससी करणारा एक भाऊ, वर्धा रोड): इतिहासाचं पुस्तक दुकानात हातात घेतल्यावर चांगलं की फालतू ते पटकन कसं ओळखायचं? पैसे कमी आहेत.

उत्तर: भाऊ, पहिलं पान वाचू नकोस, पहिलं पान सगळेच छान लिहितात. तुला आधीपासून जरा माहीत आहे असा एक प्रसंग शोध आणि तेवढंच उभ्या उभ्या वाच. पानिपत बघ समज. लेखक "एका पत्रात असं आहे", "अमुक बखर असं म्हणते पण ती नंतरची आहे" असं मधेमधे सांगतो का? का नुसती घोडी फुरफुरतात आणि तलवारी तळपतात? आकडे बघ. सैन्याचा आकडा कुठून घेतला हे न सांगता जो लाख-दीड लाख ठोकून देतो तो बाकी ठिकाणीही तेच करणार. मग शत्रूकडच्या माणसाला नाव, डोकं, काही कारणं दिलीत का बघ, का तो नुसता राक्षस. आणि नकाशा! लढाईचं पुस्तक आणि नकाशा नाही, तर मी सरळ ठेवून देते.

सोपं म्हणजे उथळ असं मात्र समजू नको हं. सरदेसाईंची मराठी रियासत कशी सुरू झाली माहीत आहे का, ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे होते, राजपुत्रांना शिकवायचे, त्या शिकवण्याच्या टिपणांतून ती उभी राहिली. मुलांना समजेल असं सांगता सांगता केवढं काम झालं.

पैशाचं म्हणशील तर लायब्ररीची मेंबरशिप घे, आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, जुन्या पुस्तकांचे ढीग धुंडाळ. फक्त जुनी आवृत्ती घेताना साल बघ, वर सांगितलं तसं तारखा बदललेल्या असतात. परीक्षेसाठी लागतं ते वेगळं, त्यात मी बोलत नाही.

प्रश्न (धरमपेठहून एक वहिनी): आमची दहा जणींची भिशी आहे. यावर्षी ठरवलं की दर महिन्याला काहीतरी एकत्र वाचायचं. पण इतिहास म्हटलं की सगळ्या म्हणतात लढाया नकोत. बायकांबद्दल आणि आपल्या भागाबद्दल असं काही आहे का?

उत्तर: वहिनी, आहे ना, आणि तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे! वाकाटकांची, म्हणजे आपल्या विदर्भातल्या जुन्या राजघराण्याची, प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, लग्न होऊन इकडे आली, नवरा लवकर गेला, मुलं लहान, तर राज्य तिने चालवलं. साधारण सोळाशे वर्षांपूर्वी. राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं आपलं नगरधन. तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे मिळाला, विचार करा, भांड्यांच्या तांब्यात गेला असता तर! त्या ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती सासरची नाही, माहेरची, गुप्तांची. सासरी राज्य करणारी बाई सरकारी कागदावर माहेरचं घराणं आधी लिहिते. यावर दहा जणी दोन तास सहज बोलतील, मला बोलवा मी पण येते.

वाकाटकांवर सगळ्यात मोठं काम केलं ते नागपूरच्याच वा. वि. मिराशींनी, मॉरिस कॉलेजात शिकवायचे. त्यांचं मराठी लेखन मिळालं तर तेच घ्या, पण एकदम सगळं नको, प्रभावतीगुप्तेचं प्रकरण तेवढं झेरॉक्स करून दहा जणींना द्या आणि प्रत्येकीने एक प्रश्न लिहून आणायचा. पुढच्या महिन्यात बाकाबाई घ्या, वरचं काकांचं पत्र वाचून.

आणि आधी सगळ्या मिळून एक दिवस नगरधनला जाऊन या. तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा निघाली, वर शंख कोरलेला आहे, एवढीशी. आज उभा दिसतो तो किल्ला खूप नंतरचा आहे, तिथल्या भिंती बघून हा तिचाच वाडा असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. सकाळी लवकर निघा, ऊन चढलं की फिरवत नाही, आणि पाणी सोबत घ्या. येताना रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाच्या देवळात थांबा, भिंतीत वाकाटकांच्या काळातला लेख आहे, अक्षरं झिजलीत पण बोट न लावता जवळून बघितली तर दिसतात.