टेस्ट पुढे ढकल, पण कधीपर्यंत ते ठरवून

प्रश्न: माझ्या ताईला 39व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. तपासणीत तिच्या बीआरसीए-1 जनुकात कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष निघाला. धाकटीने लगेच टेस्ट केली, तिची निगेटिव्ह आली. एकीला आहे, एकीला नाही, म्हणजे आता माझीच पाळी, असं मनात बसलंय. मी 34 वर्षांची आहे, मला सहा वर्षांची मुलगी आहे. रक्त द्यायला जायचं म्हटलं की पाय उचलत नाहीत. ताई म्हणते, मी मुलीचाही विचार करत नाही. आमचं बोलणं जवळजवळ बंद झालंय.
– भित्री

उत्तर: आधी ती सही खोडून टाक. ज्या उत्तराने सगळं आयुष्य हलू शकतं ते ऐकायला मन तयार नसणं, हा भित्रेपणा नाही. कितीतरी जणी इथेच अडतात.

मनात बसलेलं ते गणित मात्र चुकीचं आहे. धाकटीला नाही म्हणून तुझी शक्यता वाढत नाही. हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तुझीही तेवढीच आहे.

तू टेस्ट केली नाहीस तरी घरात दोष सापडलाय, हे डॉक्टरांना आजच सांग. अशा घरातल्या बाईची टेस्ट झालेली नसेल, तर ती होईपर्यंत तिला दोष आहे असं धरूनच स्तनांची तपासणी करतात: दरवर्षी एमआरआय, आणि तिशीनंतर जोडीला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. त्यासाठी तुझ्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. हे या महिन्यातच सुरू कर, इथे मी सूट देणार नाही.

अंडाशयाचं तसं नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे. बीआरसीए-1 मध्ये दोष असलेल्या 100 जणींपैकी साधारण 70 जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो, आणि सुमारे 44 जणींना अंडाशयाचा. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी अजून नाही. सोनोग्राफी आणि सीए-125 ची रक्ततपासणी करत राहिलं तरी जीव वाचतात असं दिसलेलं नाही. म्हणून दोष असलेल्या बाईला मुलं झाल्यावर, 35 ते 40 या वयात, बीजनलिका आणि अंडाशय काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्याने पाळी कायमची जाते, तेव्हा हा निर्णय सोपा नाही. पण दोष आहे की नाही हेच माहीत नसताना तो घेताच येत नाही, आणि तू 34ची आहेस. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: तू टेस्ट करावीस. आज नको, पण वर्षभराच्या आत.

तोवर जनुकीय समुपदेशकाला भेट. तिथे गेलं म्हणजे रक्त द्यावंच लागतं असं नाही. जाताना ताईचा रिपोर्ट घेऊन जा. तिच्यातला नेमका दोष माहीत असल्यामुळे तुझ्यात फक्त तोच शोधायचा असतो. घरात पहिल्यांदा टेस्ट करणाऱ्या बाईला कधीकधी 'अर्थ निश्चित नाही' असं अधांतरी उत्तर मिळतं. तुझं उत्तर बहुतेक सरळ हो किंवा नाही असंच येईल. रिपोर्ट कोणाबरोबर ऐकायचा, आणि 'हो' आलं तर पहिल्या आठवड्यात काय करायचं, हे रक्त देण्याआधीच ठरवून ठेव.

मुलीचं ओझं आज घेऊ नकोस. या दोषासाठी लहान मुलांची टेस्ट करत नाहीत. ती सज्ञान झाली की तिचं ती ठरवेल.

आणि ताई. तिला हे सगळं कळलं ते आजार झाल्यावर. तिला न मिळालेला वेळ तुझ्या हातात आहे आणि तू तो घालवते आहेस, असं तिला दिसत असणार. मुलीवरून तिने बोलायला नको होतं, ते तिला सांग. पण त्याबरोबर एमआरआयची तारीखही सांग आणि समुपदेशकाकडे सोबत येशील का, असं विचार.