रशियनमधले दुष्ट, नीच आणि नालायक

प्रश्न असा आहे: रशियन कथा मराठीत आणताना ज़्लद्येय, निगद्याय, पद्ल्येत्स, मिर्ज़ावित्स, स्वोलच असे शब्द सारखे भेटतात आणि कोशात प्रत्येकापुढे ‘दुष्ट, बदमाश, हरामखोर’ यांचीच उलटापालट केलेली असते. मग कुठला शब्द कुठे वापरायचा? आणि आपण ज्याला ‘व्हिलन’ म्हणतो त्याला रशियनमध्ये काय म्हणतात?

आधी उच्चाराबद्दल थोडं. रशियनमध्ये आघात नसलेला ‘ओ’ लिहितात ‘ओ’, पण म्हणतात जवळपास ‘अ’. म्हणून लेखनात ‘ज़्लोदेय’ असलेला शब्द कानावर ‘ज़्लद्येय’ पडतो. इथे सगळे शब्द कानाप्रमाणे लिहिले आहेत.

कोशात सगळ्यांत भारदस्त दिसणारा ज़्लद्येय आजच्या बोलण्यात सगळ्यांत निरुपद्रवी आहे. ‘ज़्लो’ म्हणजे वाईट आणि ‘देय’ म्हणजे करणारा (संस्कृत ‘धा’ धातूचा हा दूरचा नातलग). थोडक्यात, दुष्कर्मी. शब्द चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेतून आलेला, त्यामुळे तो शोभतो परीकथेत, ऑपेरात, कार्टूनमध्ये. खरोखर चिडलेला रशियन माणूस समोरच्याला ज़्लद्येय म्हणत नाही. दूध सांडणाऱ्या मांजराला म्हणेल. व्होडकालाही थट्टेत ‘नक्लेय्का लावलेली ज़्लद्येय्का’, म्हणजे लेबल चिकटवलेली दुष्टीण, असं नाव आहे. तेव्हा आधुनिक कथेतल्या भांडणात हा शब्द आला तर ‘नराधम’ लिहू नका. ‘काय दुष्ट आहेस रे!’ एवढ्यावर भागतं.

सिनेमातल्या खलनायकाला ‘ग्लावनी ज़्लद्येय’ चालतं, पण समीक्षेतला आणि शाळेतला शब्द आहे ‘अत्रित्सातिल्नी गिरोय’. इथे हमखास घसरायला होतं. ‘गिरोय’ म्हणजे वीर हे खरं, पण साहित्याच्या संदर्भात त्याचा अर्थ नुसतं ‘पात्र’ असाही होतो. म्हणून हा ‘नकारात्मक नायक’ नव्हे, सरळ खलपात्र. नायकाचे गुण नसलेला नायक हवा असेल तर त्याला ‘अंतिगिरोय’ हा वेगळा शब्द आहे.

आता खऱ्या शिव्या. निगद्याय सोडवायला सर्वांत सोपा: ‘नि’ म्हणजे न, ‘गोदनी’ म्हणजे योग्य. मराठीत ‘नालायक’ अगदी त्याच साच्यात ओतलेला आहे. फक्त धार वेगळी. मराठी ‘नालायक’ आई पोरालाही म्हणते. निगद्यायमध्ये नैतिक दोषारोप अधिक आहे. ‘बदमाश’ आणि ‘नीच माणूस’ यांच्या मधोमध कुठेतरी तो बसतो.

पद्ल्येत्सचा इतिहास जास्त बोलका आहे. ‘पोद्ली’ हे विशेषण पोलिशमधून आलं आणि 18व्या शतकात ‘पोद्ली ल्युत्’ म्हणजे केवळ खालच्या थरातली, कर भरणारी रयत. कुळाने खालचा तो स्वभावाने खालचा, हा प्रवास मराठीतल्या ‘नीच’लाही नवा नाही. आज या शब्दात जातकुळीचा मागमूस उरलेला नाही. पद्ल्येत्स म्हणजे विश्वासाच्या माणसाला दगा देणारा: मित्राची चुगली करणारा, अडचणीत सोडून पळणारा. खुनी माणूस पद्ल्येत्स असेलच असं नाही, आणि पद्ल्येत्सने कायदा मोडलेला असेलच असंही नाही. 19व्या शतकातल्या सरदार-अधिकाऱ्यांत हा शब्द तोंडावर फेकला की पुढची पायरी द्वंद्वयुद्धाची. मराठीत ‘हलकट’ सर्वांत जवळचा. बाईसाठी या शब्दाचं सरळ रूप रुळलेलं नाही. ज़्लद्येय्का, मिर्ज़ाफ्का, मशेन्नित्सा (भामटी), प्रिस्तूप्नित्सा (गुन्हेगार बाई) ही स्त्रीरूपं मात्र बिनधोक वापरता येतात.

मिर्ज़ावित्स हा किळसेचा शब्द. मूळ ‘म्येर्स्की’, म्हणजे घाणेरडा, शिसारी आणणारा. व्युत्पत्तिकार त्याचा संबंध गारठण्याच्या क्रियापदाशी जोडतात. याचं लघुरूप ‘मिर्ज़ाफ्चिक’ म्हणजे व्होडकाची चिमुकली बाटली. दोन खलशब्द एकाच पेयाला लागावेत, हे रशियनांचं त्या पेयाशी असलेलं नातं पाहता समजण्यासारखं आहे.

पदोनक त्याहून कडक. ‘द्नो’ म्हणजे तळ आणि ‘पदोन्की’ म्हणजे पातेल्याच्या तळाशी बसलेला गाळ. आधी ‘समाजाचा गाळ’ असं अनेकवचनातच वापरत, मग एकेका माणसाला एकवचनी शिवी झाली. स्वोलचही मुळात समूहवाचक: ओढून एका ढिगात आणलेला केरकचरा. व्याकरणात तो स्त्रीलिंगी आहे, आणि रांगडा पुरुष असला तरी सोबतचं विशेषण स्त्रीलिंगीच राहतं. कथेत ‘एता स्वोलच’ (ही स्वोलच) दिसलं की अनुवादक एखादी बाई शोधू लागतो. ती तिथे नसते. मराठीत हेच काम नपुंसकलिंग करतं: ‘ते कार्टं’, ‘ते बेणं’. जोर पुरेसा नसेल तर ‘हरामखोर’ घ्या. याउलट उबीय्त्सा, म्हणजे खुनी, दिसायला स्त्रीलिंगी, पण पुरुष आणि बाई दोघांनाही चालतो आणि विशेषण माणसाप्रमाणे बदलतं.

कायद्याचे शब्द या साऱ्यापासून अलग ठेवावेत. प्रिस्तूप्निक म्हणजे गुन्हेगार. धातूचा अर्थ ‘ओलांडून जाणे’, आपल्या ‘अतिक्रमण’सारखा. पण खटल्याच्या बातमीत तो लगेच येत नाही. संशय आहे तोवर पदज़्रिवायिमी, आरोप ठेवला की अब्विन्यायिमी, न्यायालयात उभा राहिला की पत्सुदीमी, शिक्षा झाली की असुझ्द्योन्नी. मराठी वृत्तपत्रं पहिल्या तिन्ही टप्प्यांना ‘आरोपी’ म्हणून मोकळी होतात. अनुवादात निदान ‘संशयित’ वेगळा काढावा.

चोरीचे प्रकारही तसेच. 1996च्या रशियन दंडसंहितेत कलम 158 ‘क्राझा’ म्हणजे गुपचूप केलेली चोरी, कलम 161 ‘ग्रब्योश’ म्हणजे उघडउघड हिसकावणं, आणि कलम 162 ‘रज़बोय’ म्हणजे जीव किंवा प्रकृती धोक्यात येईल अशा हिंसेने, किंवा तशी धमकी देऊन, मालमत्तेसाठी केलेला हल्ला. रज़बोयला ‘दरोडा’ म्हणायचा मोह होतो, पण आपल्या कायद्यातल्या दरोड्याला किमान पाच माणसं लागतात; रज़बोय एकटाही करू शकतो. ‘जबरी चोरी’ जास्त बरोबर. रज़बोय्निक हा कर्ता मात्र बातमीपेक्षा लोककथेत जास्त भेटतो: अलिबाबाचे चाळीस चोर रशियनमध्ये चाळीस रज़बोय्निक आहेत.

वोर म्हणजे आज चोर. पण 17व्या शतकातल्या मजकुरात तो दिसला तर थांबा. तेव्हा चोराला ‘तात्’ म्हणत आणि वोर म्हणजे कुठलाही मोठा गुन्हेगार, विशेषतः राजद्रोही. मॉस्कोजवळ तुशिनो इथे तळ ठोकून बसलेल्या दुसऱ्या खोट्या दिमित्रीला (आपणच झार दिमित्री असा दावा करणाऱ्या तोतयाला) ‘तुशिन्स्की वोर’ म्हणत, ते त्याने काही चोरलं म्हणून नव्हे. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला ‘तुशिनोचा तोतया’ म्हटलं की पुरे. ‘वोर व ज़कोन्ये’ हे पुन्हा तिसरंच: सोव्हिएत तुरुंग-छावण्यांतून वर आलेला, गुन्हेगारी जगाची संहिता पाळणारा म्होरक्या. गुन्हेगारी उतरंडीतलं सर्वोच्च स्थान भूषवणं हाच 2019पासून स्वतंत्र गुन्हा आहे, कलम 210.1.

फसवणाऱ्यांत मशेन्निक मुख्य. ‘मश्ना’ म्हणजे पैशाची थैली, त्यामुळे मुळात हा खिसेकापू, संस्कृतातला ग्रंथिभेदक. आज तो फोनवर ओटीपी मागणारा भामटा आहे. झूलिक त्याचा हलकाफुलका भाऊ: लबाड, मापात मारणारा. प्रख्वोस्तमध्ये ‘ख्वोस्त’ (शेपूट) ऐकू येतं, पण मूळ जर्मन ‘प्रोफोस’, म्हणजे सैन्यात कैदी आणि शिक्षा सांभाळणारा अधिकारी. शेपूट लोकांनी मागून लावलं.

खुलिगान इंग्रजीतून आला आणि रशियात थेट कायद्यात शिरला, म्हणून संदर्भ पाहिल्याशिवाय ‘टवाळखोर’ लिहू नये. खोडकर मुलाला लाडाने म्हटलं असेल तर ‘द्वाड’. गंभीर प्रकार असेल तर दंडसंहितेचं कलम 213. आणि किरकोळ असेल तर प्रशासकीय संहितेखाली दंड किंवा जास्तीत जास्त 15 दिवसांची कोठडी. या कोठडीला बोलीत ‘पित्नात्सत् सूतक’ म्हणतात. ‘सूत्की’ म्हणजे चोवीस तास, ‘सूतक’ हे त्याचं षष्ठीचं अनेकवचन. आपल्या सुतकाशी त्याचा काही संबंध नाही.