मे महिन्यात गावाला घरचं लग्न आहे, त्याला जोडूनच फॅमिली ट्रिप करावी का?

करा की. पण लग्न आधी, फिरणं नंतर.

तुम्ही लिहिलंय की मेच्या पहिल्या आठवड्यात कुडाळला दिराचं लग्न आहे, दोन मुलं आणि सासू-सासरे बरोबर, आणि प्लॅन असा की आधी तारकर्लीला जाऊन राहायचं, मुलांना पाण्यात मनसोक्त खेळवायचं आणि तिथून फ्रेश होऊन डायरेक्ट मांडवात. ऐकायला एकदम झकास. आमच्या ह्यांनाही झकासच वाटलं होतं, म्हणून तर आमच्या भाचीच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा सख्खा मामा थ्री-फोर्थ पँट घालून उभा आहे.

ते सांगतेच, पण आधी प्लॅनिंगचं सांगते, कारण अर्धी करमणूक तिथेच होऊन जाते.

आम्ही भांडुपचे, मूळ कुडाळकडचे. आमच्याकडे ट्रिप ठरवायची म्हणजे नकाशा नाही बघत, भिंतीवरचं कालनिर्णय काढतात. का, तर मासे. सासूबाईंचा सोमवार, सासऱ्यांचा गुरुवार, ह्यांचा शनिवार, आणि मध्ये एखादी संकष्टी नाहीतर एकादशी टपकलेली असतेच. लग्नाच्या दिवशी तर पंगत शाकाहारीच. म्हणजे मालवणला जाऊन, समोर समुद्र, जेट्टीवर ताजी सुरमई, आणि आमच्या ताटात बटाट्याची भाजी. संकष्टीला तर अजून मजा, चंद्र उगवतो साडेनऊ-दहाला कधीतरी आणि होमस्टेवाल्या वहिनी नऊलाच किचन बंद करतात. त्यामुळे बुधवार, शुक्रवार, रविवार असे वार धरून राहण्याचे दिवस ठरवायचे हे माझं ठाम मत आहे, लोक हसतात पण हसू देत. बाकी फॅमिली ग्रुपवर पोल वगैरे टाकू नका हां. आमच्याकडे "कुठे जायचं" असा पोल टाकला होता, त्यात सासऱ्यांनी गणपतीपुळे, मोठ्या मुलाने स्कूबा, धाकटीने "जिथे स्विमिंग पूल असेल तिथे" (समुद्रावर जाऊन पूल कशाला ते तिलाच ठाऊक), आणि ह्यांनी नुसता अंगठा दाखवला, कशाला दाखवला ते आजपर्यंत कळलेलं नाही.

आता तिकिटं. इथे मात्र हसण्यावारी नेऊ नका. रेल्वेचं रिझर्व्हेशन आधी १२० दिवस अगोदर उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. म्हणजे ५ मेची गाडी हवी असेल तर ६ मार्चला सकाळी ८ वाजता फोन हातात घेऊन बसायचं, आणि परतीचं बुकिंग परतीच्या तारखेप्रमाणे पुढे वेगळ्या दिवशी उघडतं हे बरेच जण विसरतात, जातात आरामात आणि येताना अख्खं वऱ्हाड तत्काळच्या मागे. तत्काळ एसीचं आदल्या दिवशी सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं, आणि जुलै २०२५ पासून अकाउंटला आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ मिळतच नाही, ते काम आत्ताच उरकून घ्या. बुकिंग करताना मुलं ५ ते ११ मधली असतील तर अर्धं तिकीट बिनबर्थचं असतं, बर्थ हवा तर पूर्ण पैसे. मी सांगते, बर्थ घ्या. रात्रीच्या कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये दहा वर्षांच्या पोराला कुशीत घेऊन झोपायचं म्हणजे झोपायचं नाहीच.

त्यातून २०२६ सारखं वर्ष असेल तर विचारूच नका. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, अधिक महिन्यात लग्नं नाहीत, त्यामुळे मेमधली सगळी लग्नं पहिल्या पंधरवड्यात कोंबलेली. हॉल, गुरुजी, मेंदीवाली, गाडीचं तिकीट, सगळ्यांवर एकदम गर्दी.

आणि चढायचं कुठून हा एक वेगळाच विषय. भांडुपहून ठाणं हाकेच्या अंतरावर, पण सासरे म्हणतात दादरलाच जाऊ, पुढे जागा मिळत नाही. रिझर्व्हेशन असताना! मग बॅगा, पाण्याचे कॅन, लाडवांचे डबे, आहेराच्या साड्या, हे सगळं घेऊन लोकलने उलटं दादर गाठायचं आणि त्याच गाडीने परत ठाण्यावरून जायचं. भांडुप आलं की धाकटी खिडकीतून ओरडते, आई आपली बिल्डिंग. असो. म्हाताऱ्या माणसांशी वाद घालण्यात अर्थ नाही, तुमचेही सासरे बरोबर आहेत म्हणून सांगितलं.

बरं, आता तो मामा.

लग्न नणंदेच्या मुलीचं, कुडाळच्या एका हॉलवर, मुहूर्त दुपारी बारा वीसचा. आम्ही त्याआधी तारकर्लीला, तुमच्या प्लॅनसारखंच. लग्नाच्या दिवशी मी आणि सासू-सासरे सकाळीच रिक्षाने हॉलवर पोचलो, कारण ताईंना माझ्याशिवाय रुखवत मांडता येत नाही असं त्या म्हणतात (खरं म्हणजे भांडायला कोणीतरी हक्काचं लागतं). हे आणि मुलं गाडीने मागून येणार होते. ह्यांनी काय करावं, मुलांनी हट्ट केला म्हणून वाटेत मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर घेऊन गेले. "पहिल्या बोटीने जायचं, पटकन बघून यायचं." शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला किल्ला हा माणूस पटकन बघून येणार होता. बोट भरल्याशिवाय सुटत नाही, किल्ल्यावर उतरवल्यावर परत न्यायला तिच्या वेळेनेच येते, आणि तोपर्यंत तुम्ही कुणाचे मामा आहात याच्याशी समुद्राला काही देणंघेणं नसतं. त्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघायला लाईन.

इकडे साडेअकरा. नवरी तयार. गुरुजी म्हणाले मामांना बोलवा. आता मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं हे तर ठरलेलं, आणि सख्खा मामा एकच. मी फोन लावतेय, रेंज नाही. मग एकदा लागला तर मागून वाऱ्याचा आवाज आणि हे म्हणतात "निघालोच", आता तुम्हाला सांगायला नको की नवरा "निघालोच" म्हणतो तेव्हा तो कुठे असतो. ह्या केसमध्ये तो बोटीत होता. सासूबाईंना घाम फुटला, चुलत मामा पुढे झाला तर म्हणे, "सख्खो मामा आसताना चुलतो कित्याक?" मग सासऱ्यांनी कोपऱ्यात नारळ ठेवून हळूच देवाला गाऱ्हाणं सुरू केलं, आजूबाजूचे दोघं-तिघं सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणायला लागले, नवऱ्याकडच्यांना वाटलं हा आमच्याकडचा विधी आहे, तेही हात जोडून उभे.

शेवटी चुलत मामानेच नवरीला आणलं. पण सासूबाईंच्या समाधानासाठी वेळ काढणं भाग होतं, आणि तिथे देवासारख्या धावून आल्या आमच्या एक काकू. प्रत्येक खानदानात एक काकू असते जी स्वतः मंगलाष्टक रचते आणि तिच्या हातात माईक गेला की लोक जेवणाच्या हॉलकडे सरकायला लागतात. तर त्या काकूंना ताईंनी स्वतः जाऊन सांगितलं की म्हणा, कितीही म्हणा. आयुष्यात पहिल्यांदा असं कोणी सांगितलं त्यांना! दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं, गावांची नावं, कुलदैवतं, नवऱ्याच्या कंपनीचं नाव, सगळं यमकात बसवलं. अक्षता संपत आल्या, लोक चार-चार दाणे टाकायला लागले. एक भाचा बाईक काढून मालवण रोडला जाऊन उभा राहिला होता, तो ह्यांच्या गाडीपुढे हॉर्न वाजवत त्यांना घेऊन आला, कुणी मुलांना मागच्या नळावर नेऊन पाय धुतले, कुणी ह्यांच्या डोक्यावर फेटा ठेवला, कुणी खांद्यावर उपरणं टाकलं. हे "कपडे बदलून येतो" म्हणत होते तर ताईंनी दंडाला धरून नवरीच्या मागे उभं केलं, "आदी उभो रव, कपडे मगे." आणि सावधान झालं. मुहूर्त टळला नाही. वरून फेटा, मध्ये उपरणं, खाली थ्री-फोर्थ आणि सँडलला वाळू. फोटोग्राफरने फुल लेंग्थच काढलेत सगळे.

आता गंमत बघा. एवढा गोंधळ झाला, पण मला एकही काम करावं लागलं नाही, फक्त ह्यांच्याकडे डोळे वटारून बघायचं काम होतं ते मी मन लावून केलं. लग्नात काही बिनसलं की सावरायला पन्नास हात असतात. ट्रिपमध्ये काही बिनसलं की एकच जोडी, आईची. आदल्या रात्री तारकर्लीला सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या सापडत नव्हत्या, धाकटीला उन्हाने ताप आल्यासारखं वाटत होतं, मोठ्याच्या फोनचा चार्जर गाडीत आणि गाडीची चावी वाळूत, ते सगळं कोण बघत होतं? म्हणून म्हणतेय, आधी ट्रिप केलीत तर तुम्ही दमून मांडवात उभ्या राहाल. लग्नाची धावपळ झाल्यावर मात्र पाय पसरून बसण्यासारखं सुख नाही. त्यात तुम्ही नवरदेवाची वहिनी, हळदीपासून सूनमुख बघण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी "वहिनी कुठे" असा हाका-हाकी होणार, तेव्हा उन्हाने काळवंडलेलं, सोललेलं नाक घेऊन फोटोत यायचं का हाही विचार करा.

लग्नानंतर सत्यनारायण, मग कुलदेवतेचं दर्शन, ते उरकलं की तुम्ही मोकळ्या. तिथून पुढे मालवण. फक्त लग्नाची तारीख पुढे गेली तर लक्षात ठेवा, पावसाळ्यासाठी किल्ल्याच्या बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद ठेवतात, आणि १ जूनपासून मासेमारी बंद. मेच्या पहिल्या आठवड्यात तसली काही भीती नाही, ऊन तेवढं सोसायचं. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर, मधल्या वेळात सोलकढी पिऊन झोपायचं.

एक सावधगिरी. सासूबाई प्रेमाने म्हणतील की नवीन जोडप्यालाही घेऊ या बरोबर, एक गाडी तर वाढेल. तिथे ठाम राहा. दिरालाही ते नको असतं, पण तो बोलणार नाही, तुम्हालाच बोलावं लागेल.

पत्रिका छापायला टाकायच्या आधी तुम्ही स्वतः वाचा, घरातल्या पुरुषांवर सोडू नका. नाव-तारीख नीट हवी कारण पुढे विवाह नोंदणीच्या वेळी पत्रिका मागतात. आणि हॉलचा मजला लिहा! दादरच्या एका लग्नाला माझे सासू-सासरे आमच्या आधी पोचले आणि पहिल्या मजल्यावर आहेर देऊन, जोडप्याला आशीर्वाद देऊन, जिलबी-मठ्ठा खाऊन मोकळे झाले, तिथल्या एका बाईंनी तर सासूबाईंना "भांडुपची मावशी" म्हणून ओळखूनही काढलं. आमचं लग्न दुसऱ्या मजल्यावर होतं. पाकीट परत मागायला कोणी गेलं नाही, सासरे म्हणाले मुलगी गोड होती, राहू दे. वरती जाऊन दोघं परत जेवले.

सासू-सासऱ्यांना ट्रिपला न्यावं की परस्पर मुंबईला पाठवावं असं तुम्ही शेवटी विचारलंय. न्या. संध्याकाळी मुलांना किनाऱ्यावर ते घेऊन बसतील आणि तुम्हाला तासभर कोणी हाक मारणार नाही, फक्त लोअर बर्थचं बघा, तिकीट काढताना वय नीट टाकलं की साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना रिकामा असेल तर लोअर मिळतो. आणि परतीला एक रिकामी बॅग हवीच, कारण निघताना गावचे लोक फणस, कोकमं, वड्यांचं पीठ आणि आंब्याची पेटी दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि फणसाला बर्थखाली जागा पहिल्यांदा करावी लागते, मग चपलांना.