डाव तपासायचा तर शेवटून मागे या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्याच्या बुद्धिबळ रेटिंग स्पर्धेत हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे राजे, हत्ती आणि प्यादीच उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, एक प्यादं जास्त होतं, तरी बरोबरी झाली. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणक-इंजिनने ४१ व्या चालीवर चुकीची लाल खूण केली. राजा पुढे न्यायला हवा होता, तुम्ही हत्ती मागे आणून प्यादं राखलंत. चूक कळली, पण पुढच्या डावात ती टाळायची कशी हे कळत नाही.

कळणार नाहीच. इंजिन चाल सांगतं, तुम्ही ती का खेळलात ते सांगत नाही. मी डाव ओपनिंगपासून, म्हणजे सुरुवातीच्या चालींपासून, तपासतच नाही. शेवटच्या पोझिशनपासून मागे येतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो, हे इथे आलं कुठून? एका जुन्या डावावर दाखवतो, पट मांडून बसा.

न्यूयॉर्कची स्पर्धा, १९२४. कापाब्लांका पांढरा, टार्टाकोव्हर काळा. कापाब्लांका तेव्हा जगज्जेता, आणि आदल्याच दिवशी रेटीकडून हरलेला. आठ वर्षांतला पहिला पराभव!

३४ व्या चालीनंतरची पोझिशन लावा (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८). पांढरा: राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा: राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५. पाचास पाच. काळ्याचा हत्ती सी३ वर डोळा ठेवून आहे. तुम्ही-मी काय करू? सी३ राखू. कापाब्लांकाने राजा जी३ वर नेला. काळ्याने शह देत सी३ खाल्लं, राजा एच४ वर. हत्ती एफ३ ला आला, पांढऱ्याने प्यादं जी६ वर ढकललं, काळ्याने शह देत एफ४ही खाल्लं, राजा जी५ वर. आता पांढऱ्याची तीन प्यादी, काळ्याची पाच.

३८ व्या चालीला काळ्याने हत्ती ई४ वर नेला. पांढऱ्याच्या राजाला एफ५ चं प्यादं फुकट मिळत होतं. त्याने ते खाल्लं नाही, राजा एफ६ वर उभा केला! एफ५ खाल्लं असतं तर काळ्याचा हत्ती मागून शहावर शह देत राहिला असता. न खाल्ल्यामुळे काळ्याचंच प्यादं राजाच्या पाठीशी आडोसा झालं. आणि समोर धमकी काय, तर हत्ती एच८, मात. काळ्याचा राजा जी८ ला पळाला, हत्ती जी७ शह, राजा कोपऱ्यात. मग वसुली सुरू: सी७, एफ५, ए७, डी५. दोन देऊन चार. ५२ व्या चालीला काळ्याने डाव सोडला.

आता मागे या. जी पट्टीवरचं प्यादं पास्ड, म्हणजे पुढे अडवायला काळ्याचं प्यादं न उरलेलं, झालं कसं? ३४ व्या चालीला पांढऱ्याने उंट देऊन एफ५ वरचा घोडा मारला, काळ्याला जी प्याद्यानेच परत मारावं लागलं. आडोशाचं प्यादंही तेव्हाच तिथे आलं. म्हणजे ती अदलाबदल करतानाच त्याला राजाची वाट दिसत होती, असं माझं मत. हत्ती एच७ वर पोचला कसा? २७-२८ व्या चालीला एच५ ढकलून जी६ वर मारामारी केली, एचची उभी पट्टी उघडली. एच५ ला जी६ चं प्यादं सापडलं कारण २० व्या चालीला वजीर ई४ वर आणि उंट डी३ वर, दोघांचा रोख एच७ वर होता. काळ्याने जी६ केलं. बिचाऱ्याला करावंच लागलं. अजून मागे: १२ व्या चालीला काळ्याने उंट देऊन एफ३ चा घोडा मारला, त्यामुळे पांढऱ्याच्या उंटासमोर त्याच्याकडे उरला घोडा. तो १६ व्या चालीला सी४ चं प्यादं टिपायला ए५ वर गेला, आणि ३१ व्या चालीपर्यंत तिथून हलला नाही. बाकीचा पट तोवर उजव्या बाजूला पेटलेला.

ओपनिंग? डच डिफेन्स. एवढं पुरे. आपल्याकडे पोरं वीस व्हिडिओ बघून ओपनिंग पाठ करतात आणि एंडगेमला हत्ती घेऊन प्याद्यामागे लपतात. मीही तेच केलं आहे, तक्रार करायला तोंड नाही.

तर तुमच्या डावाचं काम. इंजिन बंद. स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, उलटी वाचा, आणि जिथे जिथे मोहरं मारून मोहरं घेतलं गेलं तिथे पेन्सिलने गोल करा. प्रत्येक गोलाशेजारी एकच ओळ: ही मारामारी कोणाला हवी होती? इंजिन त्यानंतर लावा. ४१ व्या चालीची लाल खूण बहुधा आधीच्याच एखाद्या गोलाचं कर्ज निघेल.

मला २९ वी चाल खटकते. तिथे तुम्ही उंटाने घोडा मारलात आणि समोरच्याच्या हत्तीला उभी पट्टी उघडून दिलीत. तेव्हा तुमच्या घड्याळात किती मिनिटं होती? शीटवर नोंद असेल तर इथे टाका, तिथून पुढे बघू.