वाचकांचे प्रश्न : कोरियाचे दरबारी नृत्य पुन्हा कसे उभे राहते?

प्रश्न : कोरियाची दरबारी नृत्ये मध्यंतरी बंद पडली होती असे वाचले. मग आज दिसते ते जुने की नव्याने बसवलेले?

दोन्ही. कोणते किती, हे नृत्यागणिक बदलते. या नृत्यांना तिथे 'जॉंगजे' म्हणतात. १९१० मध्ये जपानने कोरिया घशात घातल्यावर दरबारच उरला नाही. राजघराण्याचे संगीत सांभाळणारे एक लहानसे खाते तेवढे राहिले. १९२३ साली पदच्युत सम्राट सुंजोंग यांच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी (कोरियन मोजणीप्रमाणे) या खात्याने शिकाऊ मुलांकडून काही नृत्ये बसवून घेतली. त्या मुलांपैकी एक, किम चॉनहुंग (१९०९-२००७), पुढे आयुष्यभर जुन्या नोंदी वाचून नृत्ये उभी करत राहिले. धागा तुटला नाही, पण फार बारीक झाला होता.

प्रश्न : जुन्या नोंदी आहेत म्हणता, मग अडते कुठे?

नोंदी तीन जातींच्या आहेत आणि तिन्ही वेगळे काही सांगतात. १४९३ च्या 'आक्हाक ग्वेबॉम' या संगीतग्रंथात वेष, साहित्य, मापे आणि कोण कुठे उभे राहील याच्या आकृत्या आहेत. 'उइग्वे' म्हणजे समारंभाची अधिकृत दप्तरे. त्यांत चित्रे आणि खर्चाचे तपशील. तिसरी 'होल्गी', म्हणजे नृत्याच्या क्रमाची टिपणे : कोण आत येतो, कोणते शब्द गातात, कोणती रांग पुढे सरकते आणि 'बाक' कधी वाजतो. बाक म्हणजे एका टोकाला बांधलेल्या सहा लाकडी पट्ट्या, आपल्या चिपळीच्या दूरच्या नात्यातल्या. त्याचा एक ठोका पडला की हालचाल बदलते.

यात नसते ते शरीर. 'चुनेंगजॉन' घ्या. वसंतातल्या हळद्या पक्ष्यावरचे हे एकल नृत्य युवराज ह्योम्यॉंगने १८२८ मध्ये आईच्या, राणी सुनवॉनच्या, चाळिसाव्या वाढदिवसासाठी रचले. पिवळा झगा, रंगीत पट्ट्यांच्या लांब बाह्या, आणि सगळा नाच एका फुलाफुलांच्या चटईवर. होल्गीत एका जागी फक्त 'ह्वाजॉनते' लिहिलेले असते, म्हणजे 'फुलापुढची ढब'. गुडघा किती वाकवायचा, श्वास कुठे सोडायचा, याबद्दल अक्षरही नाही. तिथे नर्तकी मंद हसते, हे नाचणाऱ्यांच्या परंपरेतून कळते.

संगीताची गोची याहून मोठी. समारंभासाठी धुनींना शुभसूचक नावे दिली जात. नाव भारदस्त, पण त्यावरून मूळ धुन ओळखता येत नाही. गायच्या ओळींचे शब्द आहेत, चाल बहुतेकदा नाही.

प्रश्न : एखादे नृत्य होल्गीवरून बसवायचे तर सुरुवात कशी करावी?

त्या नृत्याच्या मिळतील तितक्या होल्गी समोरासमोर मांडा. एकाच प्रतीवर विसंबणे ही पहिली चूक, कारण त्या त्या समारंभासाठी नर्तकांची संख्या आणि ओळी बदलत. मग बाकचे ठोके मोजा आणि प्रत्येक ठोक्याला एक आकृती काढा.

आकृती काढण्याआधी दिशा ठरवा. राजा उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून बसे आणि नर्तक त्याच्याकडे पाहात. म्हणजे एकाचा डावा तो दुसऱ्याचा उजवा. इथे गल्लत झाली की पुढची सगळी रचना आरशात पाहिल्यासारखी उलटते.

प्रवेश कसा होतो तेही पाहा. चीनकडून आलेल्या 'दांगाक' प्रकारात 'जुकगान्जा' धरणारे दोघे पुढे येऊन चिनी वचने म्हणतात आणि शेवटी तेच नर्तकांना बाहेर नेतात. जुकगान्जा म्हणजे टोकाला बांबूच्या बारीक काड्यांचा झुबका असलेला दांडा. देशी 'ह्यांगाक' प्रकारात मुळात तो नव्हता. मात्र १९ व्या शतकात ही सीमा पुसट झाली. जुना नियम नव्या नृत्यावर लादू नका.

उरलेल्या फटी हयात परंपरेतल्या हालचालींनी भरा, पण आपल्या वहीत त्या वेगळ्या शाईने लिहा. हे कंटाळवाणे काम टाळले की दहा वर्षांनी कोणालाच आठवत नाही की काय होल्गीतले आणि काय बसवणाऱ्याचे.

प्रश्न : ग्रंथातल्या मापांनी साहित्य केले तर ते बेढब का दिसते?

बहुधा 'चॉक' हे लांबीचे माप चुकले. जोसॉन राजवटीच्या काळात चॉक एकच नव्हता : बांधकामाचा चॉक सुमारे ३१ सेंटिमीटर, कापडाचा सुमारे ४७, आणि 'जुचॉक' नावाचा आणखी एक जेमतेम २१. कापडाचे माप बांधकामाच्या चॉकने घेतले तर बाही एक तृतीयांशाने आखूड होते, आणि आखूड बाही हवेत नीट उलगडत नाही.

प्रश्न : 'चॉयोंगमू' या दरबारी मुखवटानृत्यातल्या मुखवट्यावर फळे-फुले कशासाठी?

टोपीवर दोन पिओनी फुले आणि सात पीच असतात. पीच अरिष्ट पळवते अशी समजूत. नर्तक पाच, पाच दिशांच्या रंगांत : पूर्वेला निळा, पश्चिमेला पांढरा, दक्षिणेला लाल, उत्तरेला काळा, मधोमध पिवळा. मुखवट्यामुळे नजर अडते, म्हणून सराव मुखवटा घालूनच करावा. उघड्या चेहऱ्याने बसवलेली अंतरे प्रयोगात फसतात.

प्रश्न : मग 'अस्सल' कशाला म्हणायचे?

२०१६ मध्ये लागू झालेल्या कोरियाच्या अमूर्त वारसा कायद्याने 'मूळ रूप' या कल्पनेऐवजी 'जॉनह्यॉंग' ही कल्पना घेतली. म्हणजे त्या कलेला तीच कला ठरवणारी लक्षणे टिकवायची, बाकी बदलाला वाव. आमच्या मते हे जास्त प्रामाणिक आहे; 'मूळ' म्हणून दाखवता येईल असे एकच रूप जॉंगजेला कधी नव्हते.

प्रश्न : सोनेरी वर्ख छापलेला रेशमी वेष कसा ठेवावा?

आडवा, आम्लरहित कागदात, घडीच्या आत त्याच कागदाची वळी घालून. टांगला तर खांद्याच्या शिवणी ताणतात. घट्ट घडी घातली तर वर्ख घडीच्या रेषेवर तडकतो. प्रयोगानंतर घाम पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत घालू नका.