घड्याळ म्हणतं ४८, मास्क म्हणतो ४१

प्रश्न : वय ४४, वजन ७२ किलो. ट्रेडमिलवर मास्क लावून चाचणी केली. व्हीओटू मॅक्स (शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, ते माप) ४१ आलं. मनगटावरचं घड्याळ ४८ दाखवतं. अहवालात शेवटचा आरईआर १.०२, श्वासाचा पहिला उंबरठा नाडीच्या १२८ ठोक्यांवर आणि दुसरा १५९ वर आहे. खरं काय मानायचं? प्रशिक्षक हलकं धावणं १२३ च्या आत ठेवायला सांगतात, पण तेवढ्यात मला धावताच येत नाही, चालावं लागतं. (नाशिक)

उत्तर : घड्याळ ऑक्सिजन मोजत नाही. अमुक वेगाला नाडी किती, यावरून ते अंदाज बांधतं आणि त्यासाठी तुमची कमाल नाडी गृहीत धरतं. ती खऱ्यापेक्षा जास्त धरली गेली, की तुमच्यात अजून बराच दम शिल्लक आहे असं त्याला वाटतं आणि आकडा फुगतो.

मास्कच्या चाचणीत प्रत्यक्ष मोजमाप होतं. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो, सोडलेल्या श्वासात साधारण १६-१७. हा फरक आणि मिनिटाला फिरणारी हवा यांतून ऑक्सिजनचा वापर निघतो. म्हणून प्रत्येक चाचणीआधी ३ लिटरच्या सिरिंजने हवेचं माप आणि ठरावीक मिश्रणाच्या सिलिंडरने वायूंचे सेन्सर तपासायलाच हवेत. ते केलं होतं का, हे जरूर विचारा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मास्कची गळती. नाकाच्या हाडापाशी किंवा दाढीतून हवा निसटली की आकडा कमी येतो. सुरू करण्याआधी मास्कचं तोंड तळहाताने बंद करून हलकेच श्वास सोडायचा. कडेने झुळूक लागली तर पट्टे पुन्हा आवळायचे.

आता आरईआर. सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन, असं हे गुणोत्तर. पूर्ण थकेपर्यंत धावलेल्या माणसाचं ते सहसा १.१० च्या पुढे जातं. १.०२ म्हणजे तुम्ही बहुधा लवकर थांबलात. तेव्हा ४१ हा त्या दिवशी गाठलेला सर्वोच्च आकडा. तुमची कमाल थोडी वर असू शकते. त्यामुळे ४८ मात्र खरं ठरत नाही.

पण या अहवालातली मोलाची गोष्ट १२८ ही आहे. घेतलेल्या ऑक्सिजनच्या मानाने श्वास जास्त वाढू लागतो, पण कार्बन डायऑक्साइडच्या मानाने अजून वाढत नाही, तो पहिला उंबरठा. तो आलेखाच्या वळणावरून ओळखतात. थोडी एकसारखी गळती असली तरी आकडे खाली सरकतात, वळण त्याच ठोक्यांवर राहतं. लवकर थांबल्यानेही त्याला धक्का लागत नाही, कारण तो केव्हाच मागे पडलेला असतो. दुसऱ्याचं तसं नाही. तिथे कार्बन डायऑक्साइडच्या मानानेही श्वास वाढतो, आणि त्यापुढे तुमच्या चाचणीत फारच थोडी मिनिटं उरली असणार. १५९ अंदाजे धरा.

प्रशिक्षकांचे १२३ म्हणजे २२० वजा वय, त्याचे ७० टक्के. हे सूत्र एकेका माणसाबाबत १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतं. मोजलेला उंबरठा हातात असताना सूत्र कशाला? १२० ते १२७ मध्ये निवांत धावा. उकाड्यात पाऊण तासानंतर वेग तोच असूनही नाडी चढत जाते. तेव्हा श्वासाकडे लक्ष द्या.

प्रश्न : आमच्या तालुक्यात प्रयोगशाळा नाही. घरच्या घरी उंबरठा कळेल? (सातारा)

उत्तर : बऱ्यापैकी कळेल. १० मिनिटं चालून अंग गरम करा. मग दर ३ मिनिटांनी वेग थोडा वाढवा आणि टप्प्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात शाळेतली प्रतिज्ञा मोठ्याने म्हणा. जिथे ती शेवटची सहज म्हणता आली, तिथली नाडी पहिल्या उंबरठ्याच्या किंचित खाली असते. शब्दाशब्दाला धाप लागून म्हणणंच अशक्य झालं, की दुसरा जवळ आला. मध्ये ‘जमलं, पण ओढूनताणून’ असा टप्पा येतो. त्याला ‘सहज’ समजू नका, इथेच बहुतेक जण फसतात.

व्हीओटू मॅक्सचा अंदाज हवा असेल तर अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांची १९६८ ची चाचणी करा : १२ मिनिटांत जास्तीत जास्त अंतर. मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागा. २४०० मीटरला ४२.४ येतं. पहिली दोन मिनिटं सुसाट धावलात तर पुढे पाय जड होऊन आकडा खोटा पडतो. छातीत दुखत असेल किंवा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर सुरू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी नको. त्या गोळ्यांनी नाडी दबते, त्यामुळे ठोक्यांची सूत्रंही लागू पडत नाहीत.