शेताचे नाव ‘कॅसल’, म्हणून तिथे किल्ला होता असे मानावे का?

इंग्लंडमधील एखाद्या शेताला ‘कॅसल’ म्हणतात आणि तिथे खंदकासारखा खोलगट भाग दिसतो, एवढ्यावरून मध्ययुगीन किल्ला सिद्ध होत नाही. डॉर्सेटमधील मेडन कॅसल हे नावाने किल्ला असले, तरी तो वस्तुतः मध्ययुगाच्या कितीतरी आधीचा, लोहयुगातला टेकडीवरचा कोट आहे. पाण्याचा खंदकही फसवा असतो: इंग्लंडमध्ये असा खंदक असलेली पाच हजारांहून अधिक स्थळे नोंदलेली असून त्यांतील बहुतेक साधारण 1250 ते 1350 या काळातली आहेत, आणि तिथे राहणाऱ्या जमीनदारांना संरक्षणाइतकीच प्रतिष्ठा, पाण्याचा निचरा आणि मासे यांचीही गरज होती. आपल्याकडच्या गढीशी त्यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण तटबंदी नसलेली घरेही त्यांत पुष्कळ आहेत.

कागदोपत्री पुरावाही सरळ नसतो. तटावर चऱ्या (माथ्यावरचे दातेरी कठडे) बांधण्याचा राजपरवाना मिळाला म्हणून बांधकाम झालेच, असे समजता येत नाही. उलट इंग्लंडचा राजा स्टीफन याच्या कारकिर्दीतील (1135–1154) यादवीच्या धामधुमीत माती-लाकडाचे अनेक किल्ले परवानगीविना उभे राहिले आणि लवकरच पाडले गेले.

लंडनच्या माँटफिशे मनोऱ्याचे उदाहरण बोलके आहे. बाराव्या शतकात लंडनचे वर्णन लिहिणाऱ्या विल्यम फिट्झस्टीफनने शहराच्या पश्चिमेस दोन भक्कम किल्ले असल्याचे लिहिले, त्यांतला हा एक मानला जातो. मात्र आज जमिनीवर त्याचा मागमूस नाही, आणि लडगेट हिलजवळच्या उत्खननात सापडलेले खंदक त्याचेच असावेत, हा तर्कच आहे.

म्हणून माझ्या मते नाव, भूरूप आणि समकालीन दस्तऐवज हे तिन्ही जुळेपर्यंत ‘संभाव्य’ हाच शब्द वापरावा.